मध्य कुठे आहे हे जीवाणूला कसे कळते?

प्रश्न असा आहे: इ. कोलायसारखा दंडाकृती जीवाणू दर वेळी जवळजवळ अचूक मध्यावर दुभंगतो. त्याच्याकडे केंद्रक नाही, आपल्या पेशींत विभाजनाची दिशा ठरवणारा तर्कूही नाही. मग मध्य त्याला सापडतो कसा, आणि सगळे जीवाणू हीच युक्ती वापरतात का?

दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे: नाही, आणि त्यांच्या युक्त्यांमध्ये कमालीची विविधता आहे. पहिल्या भागाचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर, विभाजनाचे साहित्य पेशीत सर्वत्र पसरलेले असते आणि पेशी ते चुकीच्या जागी जमू देत नाही. सगळी गंमत या 'जमू न देण्या'त आहे, म्हणून मी तिथेच जास्त वेळ थांबणार आहे.

आधी प्रमाणाची कल्पना हवी. इ. कोलायची पेशी साधारण १ मायक्रोमीटर जाड आणि २ ते ४ मायक्रोमीटर लांब असते. विभाजनाची जागा मध्यापासून ढळते ती लांबीच्या फार तर दोन-तीन टक्क्यांनी. म्हणजे चूक मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान. भरपूर अन्न आणि ३७ अंश तापमान मिळाले तर ही पेशी सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते, आणि त्या घाईतही अचूकता टिकते. जागा चुकली तर शिक्षाही कडक असते. टोकाजवळ भिंत पडली तर एका बाजूला गुणसूत्र नसलेली, वाढू न शकणारी चिमुकली पेशी उरते. भिंत गुणसूत्रावरच पडली तर डीएनए कापला जातो.

भिंतीची जागा ज्या प्रथिनाने आखली जाते त्याचे नाव एफटीएसझेड. १९६०च्या दशकात इ. कोलायचे असे उत्परिवर्तित प्रकार मिळाले होते जे ३० अंशांना नीट विभागत, पण ४२ अंशांना नेले की विभाजन थांबून नुसते लांबत जात. त्यांतून विभाजनाच्या जनुकांची एक मालिकाच हाती आली आणि एफटीएसझेड त्या मालिकेतले सर्वांत महत्त्वाचे ठरले. १९९१ मध्ये एर्फे बी आणि जो लुटकनहाउस यांनी सोन्याचे कण लावलेल्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की हे प्रथिन पेशीच्या मध्यावर, पेशीपटलाच्या आतल्या बाजूला, कड्यासारखे जमते. १९९८ मध्ये यान लोव्हे आणि लिंडा अमोस यांनी त्याची त्रिमितीय रचना उलगडली, आणि ती आपल्या पेशींतल्या ट्युब्युलिनशी (तर्कूचे धागे ज्याचे बनतात त्या प्रथिनाशी) इतकी जुळणारी निघाली की दोघांचा पूर्वज एक असल्याबद्दल फारशी शंका उरली नाही.

या कड्याबद्दल एक गैरसमज अजूनही पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांमुळे टिकून आहे, तो इथेच दूर करतो. ते अखंड कडे नसते. एफटीएसझेड जीटीपी हा ऊर्जा पुरवणारा लहान रेणू धरून लहान लहान धागे विणते. हे धागे विखुरलेले, एकमेकांवर सरकलेले असे परिघाभोवती बसलेले असतात, आणि त्यांना पटलाशी बांधून ठेवण्याचे काम एफटीएसए आणि झिप-ए ही प्रथिने करतात. धाग्याच्या एका टोकाला नवे रेणू जोडले जातात, दुसऱ्या टोकाचे सुटतात. त्यामुळे एकेक रेणू जागच्या जागी असला तरी अख्खा धागा परिघावरून सेकंदाला सुमारे ३० नॅनोमीटर या गतीने सरकत राहतो. २०१७ मध्ये इ. कोलाय आणि बॅसिलस सबटिलिस या दोन्हींमध्ये हे एकाच वेळी दाखवले गेले. सरकणारे धागे भिंत बांधणाऱ्या विकरांना परिघावर फिरवतात आणि भिंतीचे काम सर्व बाजूंनी सारखे वाटले जाते.

जागेच्या प्रश्नासाठी यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एफटीएसझेडचे पेशीतले प्रमाण जीवनचक्रभर जवळजवळ सारखेच राहते. विभाजनाची वेळ आली म्हणून ते अचानक वाढत नाही. शिवाय त्याचे धागे सतत बनत आणि मोडत असतात, सेकंदांच्या हिशेबात. म्हणून पेशीला कडे 'उचलून' मध्यावर ठेवावे लागत नाही. नको तिथले धागे मोडत राहिले की पुरते. मोकळे झालेले रेणू जिथे मनाई नाही तिथे आपोआप जमतात.

ही मनाई पहिल्यांदा लक्षात आली ती तिच्या अभावातून. १९६७ मध्ये हॉवर्ड अ‍ॅडलर आणि सहकाऱ्यांनी इ. कोलायच्या एका उत्परिवर्तित वाणाचे वर्णन केले. तो टोकाजवळ विभागून बारीक, गोल, डीएनए नसलेल्या पेशी सोडत होता. त्यांना लघुपेशी म्हणू. पुढे १९७४ मध्ये विल्यम डोनाकी यांच्या गटाने त्यातून एक फार मार्मिक निष्कर्ष काढला: टोके ही मुळात आधीच्या विभाजनाच्या जागा आहेत आणि त्या पुन्हा वापरल्या जाण्याची क्षमता त्यांच्यात शिल्लक असते. साधी पेशी ती क्षमता दाबून ठेवते, उत्परिवर्तित पेशीला ते जमत नाही. १९८९ मध्ये पीट द बूर, रॉबिन क्रॉसली आणि लॉरेन्स रॉथफिल्ड यांनी या दडपणाचे गुपित तीन जनुकांत असल्याचे दाखवले: मिन-सी, मिन-डी आणि मिन-ई.

तिघांचे काम जनुके काढून-घालूनच बरेचसे कळले होते. मिन-सी किंवा मिन-डी काढले की लघुपेशी दिसतात. म्हणजे मनाई करणारे हे दोघे. फक्त मिन-ई काढले तर पेशी कुठेच विभागत नाही आणि लांब तंतू होतो. म्हणजे मिन-ई ही मनाईला मर्यादा घालते. मिन-ई अति झाले की पुन्हा लघुपेशी. तर्क एवढ्यावर स्वच्छ होता: मिन-सी आणि मिन-डी सर्वत्र बंदी घालतात, मिन-ई मध्यावरची बंदी उठवते. पण मिन-ईला तरी मध्य कसा कळतो? प्रश्न एका प्रथिनावरून दुसऱ्यावर गेला, सुटला नाही. १९९७ मध्ये मिन-ई मध्याजवळ कड्यासारखी दिसते असे छायाचित्र मिळाले, आणि काही काळ असेच वाटले की मिन-ई मध्यावर बसून ती जागा राखते.

मग १९९९ मध्ये डेव्हिड रास्किन आणि पीट द बूर यांनी जिवंत पेशीत हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाला जोडलेले मिन-डी पाहिले. ते एका टोकाला जमत होते, मग तिथून नाहीसे होऊन दुसऱ्या टोकाला, मग परत पहिल्या टोकाला. साधारण अर्ध्या ते दोन मिनिटांत एक फेरी. त्याच वर्षी लुटकनहाउस यांच्या गटाने मिन-सीही त्याच्याबरोबर जाते-येते हे दाखवले. 'मध्यावर बसलेली' मिन-ई पुढे मिन-डीच्या क्षेत्राच्या कडेला चिकटून टोकाकडे सरकणारी निघाली. स्थिर चित्राने सगळ्यांना चुकीच्या वाटेला लावले होते. माझ्या मते आमच्या क्षेत्राला कलाटणी देणारे हे एक मोठे निरीक्षण होते. तोवर जीवाणू म्हणजे विकरांनी भरलेली पिशवी, असेच बहुतेकांच्या मनात होते. ज्याने हे झोके प्रत्यक्ष पाहिले आहेत त्याला पुन्हा तसे वाटणे शक्य नाही. मी आजही नव्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले की आधी हेच दाखवतो.

हे घडते कसे? मिन-डी एटीपी हा पेशीचा ऊर्जावाहक रेणू धरते तेव्हा तिच्या दोन रेणूंची जोडी जमते आणि जोडीची मेदप्रिय शेपटी पेशीपटलात रुतते. एकदा काही जोड्या बसल्या की पुढच्या तिथेच बसणे सोपे होते. त्यांच्यावर मिन-सी येऊन बसते. एफटीएसझेडचे धागे मोडण्याचे प्रत्यक्ष काम तिचे. मग मिन-ई मिन-डीला गाठते आणि तिला एटीपी फोडायला लावते. एटीपी फुटले की जोडी तुटते, मिन-डी पटल सोडून पेशीद्रवात येते आणि मिन-सीही तिच्याबरोबर सुटते. मिन-ई मात्र पटलाजवळच रेंगाळून शेजारच्या मिन-डीला पकडते, त्यामुळे सुटण्याची लाट टोकाकडे सरकते. सुटलेल्या मिन-डीला पुन्हा बसण्याआधी एडीपी, म्हणजे फुटलेल्या एटीपीचा उरलेला भाग, टाकून नवे एटीपी घ्यावे लागते. याला थोडा वेळ लागतो, आणि हा छोटासा विलंबच सगळ्याचा प्राण आहे. पेशीद्रवातला संचार पटलावरच्या संचारापेक्षा कितीतरी वेगवान असल्याने तेवढ्या वेळात मिन-डी लांब निघून गेलेली असते. जुन्या टोकाला अजून मिन-ईची गर्दी आहे. दुसऱ्या टोकाला ती नाही. साहजिकच मिन-डी तिथे बसते. मग मिन-ई तिच्या मागे येते आणि सगळे उलट दिशेने घडते.

झोपाळा आठवा. दोन्ही टोकांना तो थबकतो आणि मध्यातून झरकन जातो. मिन-सीही तशीच टोकांवर वेळ काढते आणि मध्यावर जवळजवळ थांबत नाही. एफटीएसझेडचे कडे जमायला एका झोक्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्याच्यावर परिणाम होतो तो अनेक झोक्यांच्या सरासरीचा. सरासरी मनाई टोकांना सर्वांत जास्त, मध्यावर सर्वांत कमी. मध्यावर कसली खूण लागत नाही, मध्य ओळखणारे प्रथिन लागत नाही.

रसायनांची परस्परक्रिया आणि वेगवेगळ्या गतीचा संचार एकत्र आले की एकसारख्या माध्यमातून आपोआप नक्षी उमटू शकते, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये गणिताने मांडले होते. सजीवांत त्याची उदाहरणे शोधण्यात लोकांनी दशके घालवली. मिन प्रणालीइतके स्वच्छ, रेणूंपर्यंत उलगडलेले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. २००८ मध्ये मार्टिन लूजे, पेट्रा श्विले आणि सहकाऱ्यांनी तर पेशीच बाजूला ठेवली. काचेवर मेदाचे पटल पसरले, वर शुद्ध मिन-डी, शुद्ध मिन-ई आणि एटीपी सोडले, आणि पटलावर आपोआप लाटा चालू लागल्या. मिन-सीसुद्धा लागली नाही. ती या झोक्यांवर बसलेली प्रवासी आहे, त्यांची चालक नाही. पुढे पेशीच्या आकाराच्या खोबणींत हेच मिश्रण ठेवल्यावर लाटांऐवजी टोकांमधले झोके मिळाले.

झोक्यांची दिशा ठरते पेशीच्या आकारावरून. तंतूसारख्या लांब पेशीत एकाऐवजी अनेक पट्टे उमटतात, कारण झोक्याला स्वतःची एक नैसर्गिक लांबी असते. गोल केलेल्या इ. कोलायमध्येही झोके चालू राहतात. २०१५ मध्ये सेस डेकर यांच्या गटाने जिवंत इ. कोलायला सूक्ष्म साच्यांत वाढवून चौकोनी, आयताकृती, त्रिकोणी, वर्तुळाकार केले आणि प्रत्येक आकारात मिन प्रथिने सममितीच्या अक्षांशी जुळवून घेतात हे दाखवले. 'जीवाणू मध्य मोजतो' असे म्हणायचेच असेल तर एवढ्याच अर्थाने म्हणता येते: पेशीचा आकार झोक्यांना वळण लावतो.

आता दुसरी मनाई. मिन प्रणाली टोकांची काळजी घेते, पण गुणसूत्राचे काय? जीवाणूचे गुणसूत्र न्यूक्लिऑइड नावाच्या गुंडाळीत पेशीचा मोठा भाग व्यापते, आणि या गुंडाळीवर कडे सहसा जमत नाही. बॅसिलस सबटिलिसमध्ये हे काम करणारे नॉक हे प्रथिन २००४ मध्ये जेफ एरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत सापडले, आणि इ. कोलायमध्ये एसएलएमए हे प्रथिन २००५ मध्ये थॉमस बर्नहार्ट आणि पीट द बूर यांना. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ती पूर्ण वेगळ्या प्रथिन-कुळांतली आहेत. त्यांची काम करण्याची पद्धतही वेगळी: एसएलएमए डीएनएवर बसून थेट एफटीएसझेडचे धागे मोडते, तर नॉक डीएनएला पेशीपटलाशी जोडून तिथली जागा अडवते.

यातली सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे या प्रथिनांच्या बसण्याच्या जागा. दोघांचेही डीएनएवरचे थांबे गुणसूत्रभर विखुरलेले आहेत, पण प्रतिकृतीकरण जिथे संपते त्या समाप्ती प्रदेशात ते जवळजवळ नाहीत. प्रतिकृतीकरण पूर्ण होत आले आणि दोन गुणसूत्रे दोन बाजूंना सरकू लागली की मध्यावर शेवटी हाच प्रदेश उरतो. म्हणजे मनाई उठते ती नेमकी योग्य जागी आणि योग्य वेळी. जागा आणि वेळ अशा दोन प्रश्नांची एकच सोय गुणसूत्राच्या मांडणीत करून ठेवलेली आहे. एकमेकांशी नाते नसलेल्या दोन प्रथिनांनी स्वतंत्रपणे हाच तोडगा गाठला, यावरून तो किती उपयोगी असेल ते कळते.

बहुतेक लेखन इथे संपते: दोन मनाया, मधली मोकळी जागा, तिथे कडे. मला हे चित्र अपुरे वाटते, आणि त्याला प्रयोगांचा आधार आहे. दोन्ही मनाया काढून टाकल्या तर? समृद्ध माध्यमात अशी इ. कोलाय पेशी खरेच अडचणीत येते. एफटीएसझेड अनेक जागी थोडे थोडे जमते, कुठेच पुरेसे होत नाही, आणि पेशी तंतू होऊन मरते. पण त्याच पेशीला कमी पोषणावर सावकाश वाढू दिले तर ती जगते, आणि कडे बहुतेक वेळा न्यूक्लिऑइडच्या मध्याशीच जमते. बॅसिलस सबटिलिसमध्येही २०१२ मध्ये असेच दिसले. मिन आणि नॉक दोन्ही नसताना कडे जमायला उशीर होतो, पण ते जमते मध्यावर.

याचा अर्थ मनाईबरोबर ओढही आहे. इ. कोलायमधली एक ओढ माहीत आहे: मॅट-पी हे प्रथिन समाप्ती प्रदेशातल्या २३ ठरावीक जागांवर बसते, ते झॅप-बीला धरते, झॅप-बी झॅप-एला, आणि झॅप-ए एफटीएसझेडला. म्हणजे गुणसूत्राचे शेवटचे टोक आणि विभाजनाचे कडे एका साखळीने बांधलेले आहेत. ही साखळी तोडल्यावरही मध्याकडचा कल पूर्ण जात नाही. म्हणून माझे मत असे की विभाजनाची जागा एकाच कोणाच्या हुकमाने ठरत नाही. अनेक कमकुवत संकेत एकाच जागेकडे बोट दाखवतात, आणि मिन व न्यूक्लिऑइडची मनाई ही त्यांतली जोरकस, घाईच्या वाढीत अनिवार्य ठरणारी दोन माणसे. परीक्षेच्या उत्तरात 'मिन आणि एसएलएमए' लिहिलेत तर गुण मिळतील. संशोधन करायचे असेल तर एवढ्यावर थांबू नका.

आता इतर जीवाणू. बॅसिलस सबटिलिसमध्ये मिन-सी आणि मिन-डी आहेत, पण मिन-ई नाही आणि झोकेही नाहीत. तिथे डिव्ह-फोर-ए नावाचे प्रथिन पटलाचा तीव्र अंतर्वक्र भाग ओळखून तिथे जमते, आणि मिन-जे या दुव्यातून मिन-सी व मिन-डीला बोलावते. असा वक्र टोकाला असतो, पण त्याहून तीव्र असतो तो नुकत्याच पडू लागलेल्या भिंतीच्या दोन्ही कडांना. म्हणून इथे मिनचे मुख्य काम वेगळे दिसते: भिंत पडत असताना तिच्या अगदी शेजारी दुसरी भिंत पडू न देणे. प्रथिने तीच, कर्तव्य थोडे बदललेले. हाच जीवाणू उपासमारीत बीजाणू बनवायला निघाला की मुद्दाम टोकाजवळ विभागतो आणि लहान कप्प्यातून बीजाणू घडवतो. म्हणजे टोकाजवळची जागा त्याला निषिद्ध नाही, राखीव आहे.

कॉलोबॅक्टर क्रेसेंटसमध्ये मिन नाहीच. तिथे २००६ मध्ये मार्टिन टानबिखलर आणि ल्युसी शपिरो यांना मिप-झेड मिळाले. हे प्रथिन गुणसूत्राच्या आरंभबिंदूजवळच्या (प्रतिकृतीकरण सुरू होते त्या जागेजवळच्या) पार-बी या प्रथिनाभोवती गोळा होते. आरंभबिंदूच्या दोन प्रती दोन टोकांना गेल्या की मिप-झेडचा उतार दोन्ही टोकांकडून मध्याकडे कमी होत जातो, आणि मिप-झेडही एफटीएसझेडला मोडते. इथे गुणसूत्र वाटले गेल्याची खबर आणि विभाजनाची जागा एकाच प्रथिनाच्या हाती आहेत. फार काटकसरीची रचना आहे ही.

मिक्सोकोकस झँथसमध्ये उलट तऱ्हा. तिथे पॉम-एक्स, पॉम-वाय आणि पॉम-झेड ही त्रयी एक ठिपका बनवून न्यूक्लिऑइडवरून सरकत सरकत त्याच्या मध्याशी येते, एफटीएसझेडच्या आधी तिथे पोचते आणि त्याला बोलावते. मनाई नाही, निमंत्रण. लोटे सोगार-आंडरसन यांच्या गटाने हे उलगडले. न्यूमोनियाच्या स्ट्रेप्टोकोकसमध्ये मॅप-झेड हे पटलातून आरपार गेलेले प्रथिन पेशीच्या विषुववृत्तावर कडे करते. पेशी मधून वाढू लागली की ते कडे दोनांत फुटून दोन्ही बाजूंना सरकते आणि कन्यापेशींच्या भावी विषुववृत्तांवर जाऊन थांबते. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. स्ट्रेप्टोमायसिसच्या हवेत वाढणाऱ्या तंतूंमध्ये एसएसजीबी एफटीएसझेडला ओळीने अनेक जागी जमवते, आणि एका तंतूतून बीजाणूंची माळच तयार होते.

एवढ्या विविधतेत एक धागा मात्र वारंवार भेटतो. मिन-डी, मिप-झेड आणि पॉम-झेड ही तिन्ही एकाच मोठ्या कुळातली, एटीपी धरून जोडी करणारी आणि एटीपी फुटले की जोडी सोडणारी प्रथिने आहेत. याच कुळातले पार-ए गुणसूत्रे आणि प्लास्मिड (गुणसूत्राबाहेरची डीएनएची लहान कडी) वाटून देते. एकाला पृष्ठभाग म्हणून पेशीपटल लागते, दुसऱ्यांना डीएनए. पण पृष्ठभागावर बसणे, सोडले जाणे आणि पुन्हा बसायला वेळ लागणे हा खेळ तोच. जीवाणूंनी जागेचा प्रश्न पुन्हा पुन्हा याच एका रेणवीय सवयीवर सोडवला आहे. वनस्पतींच्या हरितलवकांतही एफटीएसझेडचे कडे असते आणि त्याची जागा ठरवायला मिन-डी आणि मिन-ईचेच वंशज काम करतात, हेही जाता जाता सांगायला हवे.

मायकोबॅक्टेरियात ओळखीचे मिनही नाही आणि नॉकही नाही. ती टोकांकडून वाढतात आणि बरेचदा असमान विभागतात. काही जीवाणूंना तर एफटीएसझेडच नाही. क्लॅमिडिया त्यांतला एक. तो एमआरईबी या अ‍ॅक्टिनसदृश (आपल्या स्नायूंतल्या धाग्यांच्या प्रथिनासारख्या) प्रथिनाच्या मदतीने एका बाजूला फुगवटा काढून विभागतो.

शेवटी, ज्यांना हे स्वतः तपासायचे आहे त्यांच्यासाठी. लांब तंतू दिसला की 'मिन बिघडले' असा निष्कर्ष लगेच काढू नका. डीएनएला इजा झाली की एसयूएलए हे प्रथिन एफटीएसझेडला अडवते आणि तंतू होतात. सेफॅलेक्सिनसारखे प्रतिजैविक भिंत बांधणाऱ्या एफटीएसआयला रोखते तेव्हाही तंतू होतात, पण त्यांत कडी बरोबर जागी बसलेली असतात. अडते ते पुढचे काम. जागेची चूक ओळखायची असेल तर डीएनए रंगवा. डीएनए नसलेल्या लघुपेशी म्हणजे टोकाची मनाई गेली. न्यूक्लिऑइडवर पडलेली भिंत म्हणजे गुणसूत्राची मनाई गेली. समृद्ध आणि तुटपुंज्या, दोन्ही माध्यमांत पाहा, कारण एकात लपलेला दोष दुसऱ्यात उघडा पडतो. चकाकणारे प्रथिन जोडायचे तर शक्यतो जनुकाच्या मूळ जागी आणि मूळ प्रमाणात जोडा. मिन-डी आणि मिन-ईचे परस्पर प्रमाण बिघडले की झोक्यांची गती बदलते आणि तुम्ही स्वतःच निर्माण केलेला दोष मोजत बसता. तापमानही नोंदवा, थंड काचपट्टीवर झोके मंदावतात.

नव्या प्रजातीत काम सुरू करताना आधी जीनोममध्ये मिन-ई आणि डिव्ह-फोर-ए शोधा. मिन-डी असून मिन-ई नसेल तर झोके असण्याची शक्यता कमी. प्रथिन टोकांना आणि नव्या भिंतींपाशी स्थिर बसलेले आहे का ते पाहा. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइलसारख्या काहींत दोन्ही सापडतात. तिथे जीनोमवरून अंदाज बांधू नका, जिवंत पेशीच बघा, आणि सलग काही मिनिटे बघा.